प्रथिनांची पाठराखीण

औषध सांपडलें म्हणजे रोग जिंकला, अशी एक सर्वसामान्य समजूत असते. वैद्यकाचा इतिहास मात्र निराळें सांगतो. औषधाचा शोध हा कथेचा केवळ पूर्वार्ध होय. तें औषध शरीरांत जेथें पोंचावयास हवें तेथें, वाटेंत न बिघडतां आणि योग्य वेळीं पोंचविणें हा तिचा उत्तरार्ध. आणि पुष्कळदां हा उत्तरार्धच पूर्वार्धाहून बिकट ठरतो.

इन्सुलिनचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग आणि बेस्ट या दोघांनीं स्वादुपिंडापासून एक अर्क तयार केला, आणि १९२२ च्या जानेवारींत तेथील एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला तो प्रथम टोंचण्यांत आला. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. पण थोड्याच दिवसांनीं कॉलिप या रसायनज्ञानें शुद्ध केलेला अर्क दिल्याबरोबर मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. ज्या रोगानें मुलें डोळ्यांदेखत झिजून मरत, तो रोग आटोक्यांत आला. या घटनेला शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. तरीहि आज इन्सुलिन घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांच्या वांट्याला सुई ही आहेच. याचें कारण साधें आहे. इन्सुलिन हें प्रथिन आहे, आणि जठराला औषधी प्रथिन व वरणांतील प्रथिन यांमधला भेद कळत नाहीं. तोंडावाटे घेतलेल्या इन्सुलिनचें तें पचनच करून टाकतें.

प्रथिन ही वस्तु मुळांतच नाजूक. अमिनो आम्लांचे मणी ओंवून झालेली एक लांब साखळी विशिष्ट रीतीनें घड्या घालून बसते, आणि त्या घडीवरच तिचें सारें कार्य अवलंबून असतें. घडी मोडली कीं द्रव्य तेंच राहतें, पण गुण नाहींसा होतो. अंडें उकडलें म्हणजे त्यांतील पातळ, पारदर्शक रस पांढरा आणि घट्ट होतो, तो याच कारणानें. उष्णतेनें प्रथिनांच्या घड्या उलगडतात, त्यांचे आंत दडलेले तेलकट भाग उघडे पडतात, आणि ते एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा बनतो. हा गोळा पुन्हां पूर्ववत् होत नाहीं.

असें हें नाजूक द्रव्य शरीरांत सोडलें म्हणजे त्याला तीन अडथळे ओलांडावे लागतात. पहिला अडथळा पाचक द्रव्यांचा. तीं केवळ पोटांतच नव्हेत, तर रक्तांतहि असतात. दुसरा मूत्रपिंडांचा, पांच-सहा नॅनोमीटरांहून लहान असलेले कण तीं गाळून बाहेर टाकतात, आणि अनेक औषधी प्रथिनें नेमकीं त्याच आकाराचीं असतात. तिसरा आणि सर्वांत कठीण अडथळा म्हणजे पेशीचें आवरण. स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थरानें बनलेलें हें आवरण मोठ्या आणि पाण्यांत रमणाऱ्या प्रथिनाला आंत शिरूं देत नाहीं. इन्सुलिन पेशीच्या बाहेरूनच दार ठोठावून आपलें काम साधतें, म्हणून त्याला रक्तापर्यंत पोंचलें तरी पुरे. परंतु ज्या औषधाचें काम पेशीच्या आंत आहे, त्याला रक्तांत पोंचून भागत नाहीं.

या ठिकाणीं आपल्या घरांतील एका जुन्या रिवाजाची आठवण होते. नववधू प्रथमच सासरीं जावयास निघाली म्हणजे तिच्यासोबत माहेरचें एखादें माणूस पाठवितात. तिला पाठराखीण म्हणतात. पाठराखिणीचें काम मोठें अवघड असतें. वाटेंत आणि परक्या घरांत तिनें मुलीला जपावें, धीर द्यावा. पण तिच्या संसारांत आड येऊं नये, आणि वेळ होतांच तिला तेथें सोडून आपण परतावें. निसर्गानें पेशीच्या आंतहि अशा पाठराखिणी नेमल्या आहेत. नव्यानें तयार झालेल्या प्रथिनांची घडी बसेपर्यंत कांहीं विशिष्ट प्रथिनें त्यांना संभाळून धरतात आणि मग मोकळीं करतात. इंग्रजी शास्त्रज्ञांनीं त्यांना जें नांव दिलें, त्याचाहि मूळ अर्थ तरुण मुलीबरोबर वावरणारी वडीलधारी स्त्री असाच आहे. औषधी प्रथिनांनाहि अशी पाठराखीण देतां येईल काय, या प्रश्नाचें एक उत्तर म्हणजे नॅनोजेल.

जेल हा पदार्थ घरोघरीं परिचयाचा आहे. सब्जाचें बीं पाण्यांत टाकलें कीं घटकाभरांत त्याच्याभोंवतीं एक पारदर्शक, लिबलिबीत वेष्टण फुगून येतें. समुद्रशैवालापासून काढलेलें चायना ग्रास उकळून थंड केलें म्हणजे वाटीभर पाणी चिमूटभर द्रव्यानें थिजून राहतें. या दोन्ही ठिकाणीं घडतें तें एकच. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतून किंवा जोडल्या जाऊन त्यांचें जाळें बनतें, आणि त्या जाळ्याच्या छिद्रांत पाणी अडकून राहतें. पाणी वाहत नाहीं, पण असतें तें पाणीच. असे महारेणु खरोखरीच असतात, ही गोष्ट जर्मन रसायनज्ञ हेर्मान स्टाउडिंगर यांनीं १९२० सालीं मांडली तेव्हां पुष्कळ विद्वानांना ती पटली नव्हती; १९५३ सालीं त्याच कार्यासाठीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या महारेणूंनाच पॉलिमर किंवा बहुवारिक असें म्हणतात.

पाण्यानें भरलेलें असें जाळें शरीराला सोसतें, हें ओळखण्याचें श्रेय प्रागच्या ओटो विख्तेर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांना जातें. शरीरासाठीं उपयुक्त अशा जलप्रिय जेलांविषयींचा त्यांचा निबंध १९६० सालीं प्रसिद्ध झाला. १९६१ च्या नाताळांत विख्तेर्ले यांनीं मुलांच्या खेळण्यांतील सुट्या भागांचें यंत्र घरींच जुळवून, त्याला सायकलच्या डायनामोची जोड देऊन, डोळ्यांत बसवावयाचीं मऊ भिंगें तयार केलीं. डोळ्यासारख्या हळव्या इंद्रियाला जें खुपत नाहीं, तें शरीरांत इतरत्रहि चालेल, ही आशा तेथून बळावली.

आतां हेंच जाळें अतिशय लहान करावयाचें. किती लहान? एका मिलिमीटराचे दहा लाख समान भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी पन्नास हजारांपासून एक लाख नॅनोमीटरपर्यंत असते. रक्तांतील तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ हजार नॅनोमीटर. नॅनोजेलचा कण साधारणतः वीस ते दोनशें नॅनोमीटरांचा असतो. हा आकार सहेतुक निवडलेला आहे. याहून पुष्कळ लहान कण मूत्रपिंडांतून निसटतात. पुष्कळ मोठे कण यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशी चटकन उचलून गिळतात. या दोहोंच्या मधल्या वाटेनेंच औषधाला जावें लागतें.

या कल्पनेला सुरेख मूर्त स्वरूप मिळालें तें जपानांतील क्योतो येथें. जुन्झो सुनामोतो, काझुनारी आकियोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं आपलें काम प्रसिद्ध केलें. त्यांनीं निवडलेला महारेणु होता पुलुलन. एका बुरशीपासून मिळणारें हें द्रव्य ग्लुकोजच्या मण्यांनीं बनलेलें असून पाण्यांत सहज विरघळतें, आणि खाद्यपदार्थांत व औषधांच्या वेष्टणांतहि वापरलें जातें. या साखळींतील सुमारें शंभर मण्यांमागें एक-दोन मण्यांना त्यांनीं कोलेस्टेरॉलचा रेणु जोडला. कोलेस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ; त्याला पाण्याचें वावडें. अशा साखळ्या पाण्यांत सोडल्या कीं त्यांवरील कोलेस्टेरॉलचे रेणु पाण्यापासून लपण्यासाठीं एकमेकांना बिलगतात आणि गांठी पडतात. पुलुलनचे धागे मात्र पाण्यांतच रमतात. परिणामीं कोणी न विणतां जाळें आपोआप विणलें जातें, आणि वीस-तीस नॅनोमीटरांचे, बहुतांशीं पाण्यानेंच भरलेले गोलक तयार होतात. ना तीव्र रसायनें लागत, ना उष्णता. ज्या प्रथिनाला जपावयाचें त्यालाच जाळें विणतांना इजा व्हावी, हा धोका येथें उरत नाहीं. १९९८ सालीं याच संशोधकांनीं या गोलकांत इन्सुलिन बसवून दाखविलें.

या जाळ्याची खरी करामत त्याच्या धरण्यांत जितकी, तितकीच सोडण्यांत आहे. उष्णतेनें घडी उलगडूं लागलेल्या प्रथिनाचे तेलकट भाग कोलेस्टेरॉलच्या गांठींना चिकटतात. त्यामुळें तें दुसऱ्या प्रथिनाला चिकटून त्याचा गोळा होत नाहीं. पुढें त्या द्रवांत सायक्लोडेक्स्ट्रिन नांवाचें साखरेचें कडें घातलें, कीं त्या कड्याच्या पोकळींत कोलेस्टेरॉल जाऊन बसतो, गांठी सुटतात, जाळें विखुरतें, आणि मोकळें झालेलें प्रथिन पुन्हां आपली मूळ घडी घालतें. रक्तांत आढळणाऱ्या कार्बोनिक अॅनहायड्रेज या प्रथिनावर १९९९ सालीं हा प्रयोग यशस्वी झाल्याचें प्रसिद्ध झालें. पाठराखिणीनें सोबत केली, मुलीला सुखरूप पोंचविलें, आणि आपण बाजूला झाली.

नॅनोजेल हें नांव रूढ झालें तें मात्र निराळ्या कामामुळें. १९९९ सालीं अमेरिकेंतील नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांतील अलेक्झांडर काबानोव्ह, सेर्गेइ व्हिनोग्रादोव्ह आणि सहकारी यांनीं तें आपल्या कणांसाठीं योजिलें. त्यांना वाहून न्यावयाचे होते न्यूक्लीइक आम्लांचे लहान तुकडे, म्हणजे आनुवंशिक लिपीचे शब्द. या तुकड्यांवर ऋण विद्युद्भार असतो. म्हणून धन भार असलेल्या पॉलिएथिलीनइमीन या महारेणूच्या साखळ्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडून त्यांनीं जाळें बनविलें. धन भार तुकड्यांना धरून ठेवतो, आणि ग्लायकॉलच्या साखळ्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात.

आतां समजा, असा कण पेशीच्या दारापर्यंत पोंचला. पुढें काय होतें? पेशीचें आवरण त्या जागीं आंतल्या बाजूस खोलगट होतें, कणाभोंवतीं मिटतें, आणि कण एका इवल्याशा पिशवींत बंद होऊन पेशींत येतो. आंत आला खरा. परंतु घरांत येणें आणि माजघरांत पोंचणें यांत अंतर आहे. कण अद्याप पिशवींतच आहे. ही पिशवी हळूहळू आम्ल होत जाते आणि शेवटीं लायसोसोम नांवाच्या कोठडीला मिळते. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्टियान द ड्यूव्ह यांनीं १९५५ सालीं या कोठडीचा शोध जाहीर केला आणि १९७४ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. लायसोसोम म्हणजे पेशीचें जठरच. ज्या पचनापासून वांचविण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तेंच पचन येथें पुन्हां आडवें येतें.

या कोठडीला मिळण्यापूर्वींच पिशवीची भिंत फोडून बाहेर पडणें, ही सर्व प्रकारच्या सूक्ष्म वाहकांपुढील सर्वांत मोठी अडचण आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक मोजणींत असें आढळलें, कीं स्निग्ध द्रव्यांच्या सूक्ष्म कणांतून पेशींत नेलेल्या आर्‌एन्‌ए तुकड्यांपैकीं शेंकडा केवळ एक-दोन पिशवींतून निसटून पेशीच्या मुख्य भागांत पोंचतात. बाकीचे सारे वायां जातात. हे कण नॅनोजेलचे नव्हते, हें खरें. पण पेशीची पिशवी कण कोणत्या द्रव्याचा आहे हें पाहून आपला स्वभाव बदलीत नाहीं.

म्हणूनच संशोधकांची बुद्धि जाळ्याला शहाणें करण्याकडे वळली. येथें एक जुना शोध उपयोगीं पडला. १९७८ सालीं मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंतील तोयोइची तानाका यांनीं दाखवून दिलें होतें, कीं कांहीं जेल तापमानांतील किंवा द्रवांतील अगदीं थोड्या फरकानेंहि एकाएकीं आकसतात. पॉलि-आयसोप्रोपिल-अॅक्रिलामाइड या लांबलचक नांवाच्या द्रव्याचें जाळें सुमारें ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेलें कीं पाणी टाकून मिटतें. त्याच न्यायानें आम्लता वाढतांच फुगणारीं जाळीं करतां येतात. रक्ताची आम्लता दर्शविणारा पीएच हा अंक ७.४ असतो, लायसोसोममध्यें तो ४.५ ते ५ पर्यंत उतरतो. ज्या जाळ्याला हा उतार कळतो तें पिशवींत असतांनाच फुगून तिची भिंत ताणूं शकतें. दुसरी युक्ति गंधकाची. जाळ्याचे धागे गंधकाच्या दुहेरी गांठींनीं जोडावयाचे. ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य या गांठी सोडवितें, आणि तें रक्तापेक्षां पेशीच्या आंत शेंकडों पटींनीं अधिक असतें. म्हणजे बाहेर गांठ पक्की, आंत गांठ सैल. सासरच्या उंबरठ्याच्या आंत आल्यावरच पाठराखिणीनें हात सोडावा, तसा हा प्रकार आहे.

प्रयोगशाळेबाहेर या कणांनीं काय साधलें, हाहि प्रश्न विचारणें न्याय्य आहे. कोलेस्टेरॉल जोडलेल्या पुलुलनचे कण जपानांतील मिए विद्यापीठाच्या संशोधकांनीं कर्करोगावरील लशीसाठीं योजिले. कर्कपेशींवर आढळणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा या कणांत बसवून तो रुग्णांना टोंचण्यांत आला, आणि २००६ सालीं या मानवी चाचणीची हकीकत प्रसिद्ध झाली. रुग्णांच्या संरक्षक पेशींनीं त्या तुकड्याची दखल घेतली, एवढें तींत दिसून आलें. कर्करोग बरा झाला असा तिचा अर्थ नव्हे. २०१० सालीं तोकियो विद्यापीठांतील हिरोशी कियोनो यांनीं आकियोशी यांच्या सहकार्यानें दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. कणांवर धन भार चढवून, बोटुलिनम विषाचा निरुपद्रवी तुकडा त्यांत ठेवून, तो उंदरांच्या नाकांत सोडण्यांत आला. नाकाच्या अंतस्त्वचेवर ऋण भार असल्यानें कण तेथें चिकटून राहिले. त्यांनीं तुकडा हळूहळू तेथील पेशींच्या हवालीं केला. आणि सुईवांचून उंदरांना त्या विषाविरुद्ध संरक्षण मिळालें. नाकांतून दिलेली लस गंधाच्या मज्जातंतूंवाटे मेंदूंत शिरेल, अशी भीति असते. या प्रयोगांत तुकडा तेथें सांचल्याचें आढळलें नाहीं.

या यशांबरोबरच उणिवांचाहि हिशेब मांडावयास हवा. धन भारामुळें कण पेशीला चिकटतो हें खरें. पण भार अधिक झाला तर पेशीचें आवरणच फाटतें, आणि पॉलिएथिलीनइमीनविषयीं ही तक्रार जुनी आहे. कर्कग्रंथींतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात, त्यामुळें सूक्ष्म कण तेथें आपोआप सांचतील, असें जपानी संशोधक मात्सुमुरा आणि माएदा यांनीं १९८६ सालीं दाखविलें, आणि त्यावर मोठ्या आशा उभारल्या गेल्या. परंतु २०१६ सालीं अनेक प्राणिप्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हां असें दिसलें, कीं टोंचलेल्या सूक्ष्म कणांपैकीं ग्रंथींत पोंचणाऱ्या भागाचें मध्यम प्रमाण शेंकडा ०.७ इतकेंच आहे. याखेरीज प्रत्येक वेळीं अगदीं सारख्याच आकाराचे कण बनविणें, ते निर्जंतुक करणें, महिनोंगणती टिकविणें, हे कारखान्याचे प्रश्न आहेतच. आणि अखेरचा प्रश्न जाळ्याचा स्वतःचा. औषध उतरून गेल्यावर रिकाम्या धाग्यांचें काय? ते तुटून शरीराबाहेर पडले पाहिजेत. नाहीं तर पाहुणी म्हणून आलेली पाठराखीण घरांतच ठाण मांडून बसावयाची.

या शर्यतींत एक निराळा वाहक पुढें निघून गेला, हीहि गोष्ट नमूद करावयास हवी. स्निग्ध द्रव्यांच्या सूक्ष्म कणांतून आर्‌एन्‌ए नेणारें पहिलें औषध २०१८ सालीं मान्य झालें, आणि २०२० च्या अखेरीपासून याच तत्त्वावरील लशी कोट्यवधि लोकांना टोंचण्यांत आल्या. मात्र त्या कणांत बसतें तें मुख्यतः आर्‌एन्‌ए, म्हणजे प्रथिन तयार करण्याची आज्ञा. घडी घातलेलें, तयार प्रथिन जसेंच्या तसें न्यावयाचें असेल तर पाण्यानें भरलेल्या मऊ जाळ्याचें महत्त्व आजहि कमी झालेलें नाहीं. कारण प्रथिनाला पाणी हेंच माहेर.

वर्तमानपत्रांत अधूनमधून एखाद्या नव्या सूक्ष्म औषधाची वार्ता येते, आणि ज्या घरांत कोणी दीर्घकाळ आजारी आहे तेथें ती आशेनें वाचली जाते. अशी वार्ता आली म्हणजे सुजाण वाचकानें तीन प्रश्न मनाशीं विचारावेत. औषध नेमकें कोठें पोंचलें, आणि शेंकडा किती पोंचलें? वाहकानें तें कोठें व कशाच्या खुणेनें सोडलें? आणि आपलें काम झाल्यावर वाहक स्वतः कोठें गेला? हे प्रयोग कांचेच्या बशींतील पेशींवर झाले, उंदरांवर झाले, कीं माणसांवर, हेंहि त्याबरोबरच पाहावें. ज्या वार्तेंत या प्रश्नांचीं सरळ उत्तरें असतील तिच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं. ज्या वार्तेंत केवळ औषधाची थोरवी गाइलेली असेल आणि वाटेचें वर्णन नसेल, ती अजून पूर्वार्धच सांगत आहे असें समजावें.